तसबिरीमागची नोंद

आमच्या शाळेच्या मोठ्या खोलीत थोर पुरुषांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या आहेत. लोकमान्य, महात्मा फुले, गांधीजी, डॉक्टर आंबेडकर, कर्मवीर भाऊराव पाटील अशी ती ओळ संपते, आणि दरवाजाच्या वरच्या बाजूस, थोडी एकटी पडल्यासारखी, आणखी एक तसबीर दिसते. ती एका तरुण लष्करी अधिकाऱ्याची आहे. डोक्यावर टोपी, ओठांवर विरळ मिशी आणि छायाचित्रकाराने हसू नका म्हणून बजावल्यावर ओठांच्या कोपऱ्यात तसेच अडकून राहिलेले थोडेसे हसू. चौकटीखाली पितळेच्या पट्टीवर त्यांचे नाव असून त्यापुढे 'तोफखाना, वीरगती १९७१' एवढीच अक्षरे आहेत. हे आमच्या शाळेचे माजी विद्यार्थी. त्यांच्या भगिनीच्या इच्छेला मान देऊन त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. आम्ही त्यांना कॅप्टनसाहेब म्हणतो, तसेच येथेही म्हणतो.

या शाळेचा मी अकरा वर्षे मुख्याध्यापक होतो. दर १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला शिपाई शिडी लावून त्या तसबिरीला झेंडूचा हार घाली, आणि मी मुलांसमोर कॅप्टनसाहेबांची गोष्ट सांगत असे. ते लहानपणापासूनच कुशाग्र बुद्धीचे होते. शत्रूने चोहोकडून वेढले असताही त्यांनी आपली तोफ सोडली नाही. तोफेवर हात ठेवून, मातृभूमीचा जयजयकार करीतच त्यांनी देह ठेवला, अशी ती गोष्ट होती. मी ती माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांकडून ऐकली होती. त्यांनी कोणाकडून ऐकली ते त्यांनाही सांगता आले नसते. शिवाय मी तिला माझी स्वतःची एक आठवण जोडीत असे. १९७१ साली मी याच शाळेत पाचवीच्या वर्गात शिकत होतो. बातमी आली त्या दिवशी साऱ्या शाळेला मैदानात उभे केले होते, मुख्याध्यापकांनी थरथरत्या हाताने तार वाचून दाखविली होती, आणि आम्ही सारी मुले रडलो होतो, असे मी सांगे. हे सांगताना माझा कंठ खरोखरच दाटून येई.

माझ्या सेवेतील अखेरचा स्वातंत्र्यदिन २०१७ सालचा. भाषण आटोपल्यावर सातवीतली एक मुलगी उभी राहिली. तिचा स्वभाव अगदी शांत. वर्गात ती क्वचितच बोले.

"सर," ती म्हणाली, "चोहोकडून शत्रू होता आणि कॅप्टनसाहेब एकटेच होते, तर त्यांचे शेवटचे शब्द कोणी ऐकले?"

मुलांत थोडी कुजबुज झाली. मी म्हणालो, "कोणीतरी ऐकलेच असतील, म्हणून तर आपल्यापर्यंत आले." ती "हो सर" म्हणून खाली बसली. तिचे समाधान झालेले नव्हते, हे मला दिसत होते. तिने उद्धटपणाने विचारले असते तर मी रागावून सुटलो असतो. परंतु तिला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते, आणि माझ्यापाशी सांगण्यासारखे काही नव्हते.

योगायोग असा की, त्याच सुमारास मी दुसऱ्या एका तोफखान्यातील अधिकाऱ्याविषयी वाचीत होतो. माझा विषय मराठी. तथापि महाविद्यालयात असताना इंग्रजी कवितेची जी गोडी लागली ती पुढे सुटली नाही. एडवर्ड थॉमस हा माझ्या आवडीचा कवी. तो १८७८ साली लंडन शहरात जन्मला. ऑक्सफर्ड येथे त्याचे शिक्षण झाले. लेखनावर संसार चालविण्याचा त्याने हट्ट धरला आणि पुस्तक-परीक्षणे व प्रवासवर्णने लिहून पत्नी हेलन व तीन मुले यांचा चरितार्थ कसाबसा चालविला. पहिली खरी कविता त्याने लिहिली ती वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, १९१४ च्या डिसेंबरात. पहिले महायुद्ध तेव्हा सुरू झाले होते. त्यानंतर जेमतेम दोन वर्षांत त्याने एकशेचाळीसच्या वर कविता लिहिल्या.

१९१५ च्या जुलैमध्ये तो सैन्यात दाखल झाला. त्याचे वय सदतीस होते, तो कुटुंबवत्सल होता आणि सक्तीची भरती त्या देशात अद्याप सुरू व्हावयाची होती. 'तुम्ही कशासाठी लढणार?' असे त्याच्या एका मैत्रिणीने त्याला विचारले, तेव्हा त्याने वाकून जमिनीवरची चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरली आणि याचसाठी, असे उत्तर दिले. त्याच्या मैत्रिणीनेच ही हकीकत पुढे लिहून ठेवली. सैन्यात त्याला नकाशावाचन शिकविण्याचे काम मिळाले. तेथेच राहिला असता तर तो कदाचित म्हातारा होऊन मेला असता. परंतु त्याने तोफखान्यातील अधिकाऱ्याचे शिक्षण घेतले, रणांगणावर जाण्यासाठी आपले नाव आपण होऊन दिले आणि १९१७ च्या जानेवारीअखेर तो आपल्या तोफांबरोबर फ्रान्सला गेला. तेथे काही काळ त्याला मुख्यालयात नेमले होते. तेथूनही तो पुन्हा आपल्या तोफांकडे परतला. ९ एप्रिल १९१७ रोजी, आरासच्या लढाईच्या पहिल्याच सकाळी, निरीक्षणाच्या ठाण्यावर असताना तो मारला गेला. त्याचे वय तेव्हा एकोणचाळीस होते.

या माणसाची स्मृती पुढच्या लोकांनी कशी जपली हे पाहण्यासारखे आहे. लष्करी गणवेशातील त्याची छायाचित्रे आहेत. त्याची रोजनिशी आहे. ती खिशात मावेल एवढी लहान असून १ जानेवारीपासून ८ एप्रिलपर्यंतच्या नोंदी तीत आहेत. शेवटच्या दिवशीची नोंद सांगते की, त्याच्यापासून दोन यार्डांवर एक गोळा पडला. परंतु त्या रोजनिशीत मोठी वाक्ये नाहीत. हवा कशी होती, कोणता पक्षी कोठे गात होता, किती तोफा डागल्या, कोणाचे पत्र आले, एवढेच आहे. तिच्या पानांवर पाण्यावरच्या तरंगांसारख्या चमत्कारिक वळ्या पडलेल्या आहेत. ती कित्येक वर्षे घरच्या कागदांत तशीच पडून होती. १९७० च्या सुमारास ती नातवाच्या हाती आली, तेव्हा तिच्यात हेलनचे एक छायाचित्र आणि पेन्सिलीने काही ओळी खरडलेली एक चिठ्ठी निघाली. आज ती वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ज्या टेकडीवर तो फिरत असे तेथे १९३७ साली त्याच्या नावाची शिळा बसविली गेली.

त्याच्या मृत्यूचीही एक गोष्ट होती. गोळा जवळून गेला, त्याच्या हवेच्या झोताने थॉमसचे हृदय बंद पडले, आणि अंगावर साधा ओरखडाही न उमटता तो गेला, असे हेलनने लिहून ठेवले होते व जगाने ते मानले होते. रोजनिशीच्या पानांवरील वळ्या त्या झोतानेच पडल्या असेही लोक म्हणत. पुढे न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात जपून ठेवलेले एक पत्र अभ्यासकांच्या नजरेस आले. थॉमसच्या तोफांच्या प्रमुखाने ते एका चरित्रकाराला लिहिले होते. त्यात स्पष्ट म्हटले होते की, गोळा थॉमसच्या छातीतून आरपार गेला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रात हे पत्र सर्वांपुढे आले.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिलो. हेलनला कोणीतरी सौम्य गोष्ट सांगितली असेल, तर ती दयेपोटीच सांगितली असणार. एका पत्नीच्या दुःखावर घातलेली ती फुंकर होती. तिला दोष देण्याचे धाडस मला होत नाही. परंतु मी कोणाच्या दुःखावर फुंकर घालीत होतो? मुलांना स्फूर्ती मिळावी म्हणून मी ती गोष्ट सांगत होतो असे मी स्वतःला बजावले. पण खरे कारण अधिक साधे होते. ती गोष्ट तयार होती, सांगायला सोपी होती आणि टाळ्या मिळवून देणारी होती. भिंतीवरच्या त्या तरुणाविषयी मी अकरा वर्षांत एकही कागद उघडून पाहिला नव्हता.

निवृत्त झाल्यानंतर नव्या मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी शाळेच्या दप्तरात बसलो. जुनी रजिस्टरे लाकडी कपाटात होती. काहींच्या कडा वाळवीने खाल्लेल्या होत्या. जनरल रजिस्टरात कॅप्टनसाहेबांचे नाव सापडले. जन्म १९४५, वडिलांचा धंदा शेती, शाळा सोडल्याचे कारण 'एस. एस. सी. उत्तीर्ण'; वर्तणूक 'चांगली'. दुसऱ्या गठ्ठ्यात गुणपत्रके होती. कुशाग्र बुद्धीच्या ज्या मुलाचे वर्णन मी करीत असे, त्याला आठवीच्या सहामाहीत गणितात शंभरांपैकी अठ्ठावीस गुण होते! त्यापुढे शिक्षकांनी लाल शाईने लिहिले होते, 'घाई करतो. मेहनत हवी.' नववीत बेचाळीस, दहावीत अठ्ठावन्न आणि अखेरीस, १९६२ साली, अकरावीच्या एस. एस. सी. परीक्षेत एकाहत्तर. तोफखान्यात गणितावाचून पाऊल पुढे पडत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या चार आकड्यांत एक चरित्रच वाचावयास मिळेल.

नंतर मी शाळेचे लॉगबुक उघडले. २० डिसेंबर १९७१, सोमवार. शोकसभेची नोंद तेव्हाच्या मुख्याध्यापकांच्या वळणदार अक्षरात होती. ती वाचता वाचता एका ओळीपाशी मी थांबलो. तिचा आशय असा होता की, पाचवी ते सातवीचे वर्ग ओढ्यापलीकडील जुन्या इमारतीत भरत असल्यामुळे त्यांना सुटी देऊन परस्पर घरी सोडण्यात आले. सभेस आठवी ते अकरावीचे विद्यार्थी उपस्थित होते.

म्हणजे मी त्या सभेत नव्हतो. तार वाचणारे थरथरते हात मी पाहिलेच नव्हते. थोरल्या मुलांकडून ऐकलेली हकीकत मनात घोळता घोळता माझी झाली होती, आणि तीवर मी खरेखुरे अश्रू ढाळले होते. मी खोटे बोललो नव्हतो. परंतु जे बोललो ते खरेही नव्हते. साठीच्या माणसाला स्वतःच्या स्मरणशक्तीने असे तोंडघशी पाडावे, यासारखी खजील करणारी गोष्ट दुसरी नसेल.

आता कॅप्टनसाहेबांच्या भगिनीकडे जाणे भागच होते. त्यांना सारे गाव आक्का म्हणे. वय अठ्ठ्याहत्तर, पाठीत थोड्या वाकलेल्या, पण दृष्टी तीक्ष्ण. मी येण्याचे कारण सांगितले, तेव्हा त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं भाषण मी दोनदा ऐकलंय. कर्ण्यावर घरापर्यंत ऐकू येतं. बरं वाटायचं. पण तुम्ही ज्याची गोष्ट सांगता तो माझा भाऊ नव्हे."

"मग आक्का, तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?"

"तुम्ही कधी विचारलं नाही."

त्यांच्या नातवाने माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. तिच्यात पंचावर गुंडाळून ठेवलेले कागद होते. ज्या छायाचित्रावरून शाळेतील तसबीर मोठी करून घेतली होती, ते मूळ छायाचित्र मी प्रथमच पाहिले. तसबीर करणाऱ्याने केवळ चेहरा घेतला होता. मूळ छायाचित्रात कॅप्टनसाहेबांच्या शेजारी नऊवारीतल्या त्यांच्या आई उभ्या होत्या आणि त्यांचा हात लेकाच्या दंडाला घट्ट धरून होता. ओठांच्या कोपऱ्यातील हसण्याचे कारण मला तेव्हा उमगले. दुसरे छायाचित्र देवळालीच्या तोफखाना विद्यालयातील होते. तोफेभोवती दहा-बारा तरुण अधिकारी उभे, आणि मागच्या बाजूस कॅप्टनसाहेबांनी स्वतःच्या अक्षरात प्रत्येकाचे नाव लिहिलेले. एका नावापुढे 'याला गणित सोपे वाटते' असा शेरा होता!

आंतर्देशीय पत्रे होती. शेवटच्या पत्रात युद्धाचा एक शब्दही नव्हता. थंडी फार आहे, मेतकूट पोहोचले, नव्या विहिरीचे पाणी गोडे लागले की मचूळ, आक्काचा धाकटा शाळेत जातो की अजून रडतो, एवढेच. ते वाचताना मला थॉमसच्या रोजनिशीतील पक्ष्यांची आठवण झाली.

तारेखाली एक टंकलिखित पत्र होते. ते त्यांच्या पलटणीच्या प्रमुखाने इंग्रजीत लिहिलेले होते. आक्कांना इंग्रजी येत नव्हते; फार वर्षांपूर्वी कोणीतरी त्याचा सारांश त्यांना सांगितला होता. मी ते सावकाश, शब्दन् शब्द मराठीत करून वाचून दाखविले.

त्यातील मजकूर समजण्यासाठी तोफखान्याचे काम कसे चालते ते सांगितले पाहिजे. त्या काळी आपल्या पुष्कळशा पलटणींकडे असलेली २५ पौंडी तोफ सुमारे ११ किलो वजनाचा गोळा सुमारे १२ किलोमीटरपर्यंत फेकीत असे. एवढ्या अंतरावरून तोफेजवळच्या सैनिकाला लक्ष्य दिसतच नाही. म्हणून तोफखान्याचा एक अधिकारी नकाशा, दुर्बीण आणि बिनतारी संच घेऊन पायदळाबरोबर अगदी पुढे जातो. त्याला ओपी अधिकारी म्हणतात. गोळा कोठे पडला हे तो पाहतो, किती चुकला हे मनाशी मोजतो आणि तोफांकडे दुरुस्ती कळवितो. पुढील गोळा त्या आकड्यांबरहुकूम जातो. तोफा डोळ्यांवाचून आहेत; तो त्यांचे डोळे होतो. एडवर्ड थॉमसही त्या सकाळी हेच काम करीत होता.

३ डिसेंबर १९७१ च्या रात्री शत्रूने छांब भागावर जोराचा हल्ला चढविला. काही दिवसांच्या कडव्या झुंजीनंतर आपल्या तुकड्यांना मुनव्वर तवी नदीच्या पूर्वेकडील काठावर माघारी घेण्यात आले, आणि तेथे त्यांनी शत्रूला रोखून धरले. कॅप्टनसाहेब तोफेजवळ नव्हतेच. ते नदीच्या पश्चिमेस, पायदळाच्या एका कंपनीबरोबर, एका उंचवट्यावर होते. कंपनीला रात्री नदी ओलांडून मागे यावयाचे होते, आणि ती ओलांडेपर्यंत शत्रूला दूर ठेवणे हे तोफांचे काम होते. पत्रात लिहिले होते की, कंपनीचा बहुतेक भाग पाण्यात उतरेपर्यंत कॅप्टन त्या उंचवट्यावरून आकडे सांगत राहिले. त्यांचा आवाज शांत होता. मग गोळ्याचा तुकडा लागून ते जागच्या जागी गेले. बिनतारी संच सांभाळणारा जवान जखमी झाला, पण वाचला. तोफांवर ऐकू आलेली त्यांची शेवटची आज्ञा पत्रात जशीच्या तशी दिली होती. डावीकडे पन्नास, पुढे शंभर.

मी थांबलो. आक्का म्हणाल्या, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचले. "हे शेवटचं?" त्यांनी विचारले. मी होकार दिला. त्या म्हणाल्या, "लहानपणी त्याला पाढे यायचे नाहीत. मीच घेत होते." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

घरी परत येताना माझ्या मनात एक शंका येत होती, ती लपवून ठेवीत नाही. हे सारे मुलांना सांगितले तर त्यांचा वीर लहान तर होणार नाही? गणितात नापास झालेला मुलगा, विजयाऐवजी माघार, जयजयकाराऐवजी दोन आकडे! दुसरे दिवशी मी पुण्याला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम वाकडी वाट करून खडकीच्या युद्ध-दफनभूमीत गेलो. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या १,६०० हून अधिक सैनिकांच्या समाध्या तेथे आहेत. हिरवळीवर एकाच मापाच्या दगडांच्या रांगा आहेत. त्यांवर नाव, हुद्दा, पलटण, तारीख आणि बहुधा वय एवढेच कोरलेले आहे. ज्या संस्थेकडे फ्रान्समधील आन्यी येथील थॉमसच्या कबरीची निगा आहे, तिच्याकडेच खडकीचीही आहे. १९१७ साली ती स्थापन झाली तेव्हाच तिने ठरविले की, अधिकारी असो वा शिपाई असो, दगड सर्वांचा सारखा असावा. त्या दगडांवर कोणाच्याही पराक्रमाचे वर्णन नव्हते. तरीही त्यांच्यामधून चालताना मला पावलांचा आवाज करवेना. माझी शंका तेथे फिटली. खरी नोंद माणसाला लहान करीत नाही. आपण रचलेल्या गोष्टीत जो मरतो तो कोणीही असू शकतो. नोंदीत जो मरतो तो एकच असतो, आणि तो पुन्हा होणे नाही.

२०१८ च्या १५ ऑगस्टला नव्या मुख्याध्यापकांनी मला बोलावले होते. हार घालून झाला, मी उभा राहिलो आणि प्रथम सांगितले की, गेली अकरा वर्षे मी तुम्हाला जी गोष्ट सांगितली ती बरोबर नव्हती. सभा एकदम शांत झाली. मागच्या रांगेतील शिक्षक एकमेकांकडे पाहू लागले. शोकसभेला मी हजर नव्हतो हेही सांगितले. ते सांगताना जीभ जड झाली, पण सांगितले. मग रजिस्टर, गुणपत्रके, आईचा हात, मेतकूट, नदी आणि तो उंचवटा असे एकेक करून त्यांच्यापुढे ठेवले. गणितातील अठ्ठावीस गुण ऐकताच मुलांत हशा पिकला. तसबिरीतील त्या मनुष्याला मुले प्रथमच हसली होती, आणि त्या हसण्याने तो भिंतीवरून उतरून त्यांच्या बाकावर येऊन बसला असे मला वाटले. म्हणूनच शेवटचे आकडे मी सांगितले तेव्हा कोणीही हसले नाही.

ती मुलगी आता आठवीत होती. मी तिला उभे राहण्यास सांगितले आणि म्हणालो, "बाळ, गेल्या वर्षी तू विचारले होतेस की, शेवटचे शब्द कोणी ऐकले. ते नदीपलीकडे, कित्येक किलोमीटर मागे, तोफांजवळ बिनतारी संचावर बसलेल्या जवानांनी ऐकले. ऐकून त्यांनी तोफा पन्नास डावीकडे आणि शंभर पुढे लावल्या."

तिने मान हलविली. या वेळी तिचे समाधान झाले होते.

आता त्या तसबिरीखाली एक लहान काचपेटी आहे. तीत जनरल रजिस्टरातील पानाची प्रत आहे, चार गुणपत्रके आहेत, आईसह असलेले मूळ छायाचित्र आहे आणि प्रमुखांचे पत्र मराठी भाषांतरासह आहे. देवळालीचे छायाचित्र आक्कांनी दिले नाही. ते त्यांना उशाशी हवे होते. २०१९ साली दिल्लीला राष्ट्रीय युद्धस्मारक उभे राहिले. स्वातंत्र्योत्तर काळात धारातीर्थी पडलेल्या २५,००० हून अधिक वीरांची नावे तेथील दगडी भिंतींवर कोरली आहेत. त्यांत आमच्या कॅप्टनसाहेबांचेही नाव आहे. आक्कांना ते पाहावयाचे होते, पण प्रवास झेपण्यासारखा नव्हता. नातवाने त्या नावाचे छायाचित्र काढून आणले, तेव्हा त्यांनी चष्मा लावून अक्षर अन् अक्षर तपासले आणि म्हणाल्या, "बरोबर लिहिलंय."

तुमच्याही शाळेत, चावडीत किंवा घरातल्या एखाद्या भिंतीवर अशी तसबीर असेल. तिला हार अवश्य घाला. परंतु त्याआधी तिच्यामागची धूळ पुसा, रजिस्टर उघडा, पेटी खाली काढायला सांगा आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यापाशी जाऊन बसा. कागद थोडे दिवस वाट पाहतात. माणसे पाहत नाहीत. मी गेलो तेव्हा आक्का होत्या, म्हणून मला हे लिहिता आले. गेल्या वर्षी त्या गेल्या.